मापासाठी माणूस

नाटकगृहाचा दगडी खांब. घरी विसरलेली मोजपट्टी. आईचे बाहेर आलेले कान.

जुन्या वास्तूंच्या नोंदींत नाव लिहायचं राहून गेलेली माणसं शोधायची, ही लेकीची इंटर्नशिप. एका फोटोखाली लिहिलं होतं : ‘खांब. मोजपट्टी घरी राहिली; शेजारी मापासाठी माणूस.’ साहेब म्हणाले, “ओळखणारं कुणी असेल, तरच नाव लिहू.”

तिनं मोबाइलवर तो फोटो मोठा करून आईपुढे धरला. “आजोबाच ना गं? कान बघ, थेट तुझे.”

“मला काय विचारतेस, बाई? मी पोटात असतानाच गेले ते.”

तरी आईनं त्या माणसाच्या गालावरून हळूच बोट फिरवलं. फोटो सरकला, नुसता खांब उरला.

“अगं, पुसले का गं माझ्या हातून?”

आजोबांना ओळखणारी आजी इंटर्नशिप सुरू होण्याच्या महिनाभर आधी गेली.