लाल शाईतला शब्द

पोलादपूरच्या पंचायत समिती कार्यालयातून नळपाणी योजनेचा ठराव परत आला. त्यावर सरपंच आणि उपसरपंच अशा दोघांच्या सह्या होत्या. समासात तिथल्या साहेबांनी लाल शाईने इंग्रजीत एकच शब्द लिहून त्याला बाण काढला होता.

सरपंच कमळाबाईंना इंग्रजी येत नाही. उपसरपंच राजेशराव बारा वर्षं मुंबईत राहून आलेले, त्यामुळे पंचायतीत आलेलं इंग्रजी तेच वाचतात.

राजेशरावांनी कागद खिडकीपाशी नेला आणि भर मासिक सभेत सांगून टाकलं, “रिझाइन! म्हणजे राजीनामा द्या. कमळाबाई, खुर्ची राखीव झाली म्हणून कारभार जमत नाय, हे आम्ही पहिल्या दिवसापासून सांगतोय.”

सदस्य हसले. एकाने तर कोरा कागद आणि पेन कमळाबाईंपुढे सरकवलं.

कमळाबाईंनी पेनाला हात लावला नाही. त्यांनी ठराव मागून घेतला आणि नीट बघितला.

“राजेशभाऊ, मला इंग्रजी येत नाय, पण बाण कुठं जातो ते दिसतंय. माझी सही मराठीत हाय, ती चांगली स्वच्छ हाय. बाण गेलाय तुमच्या इंग्रजी सहीवर, तिथं नुसता शाईचा डाग हाय. घ्या पेन, लिहा राजीनामा.”



राजेशरावांनी कागद पुन्हा वाचला. “स्पेलिंग तेच असतं,” ते हळूच म्हणाले, “पण साहेबांना री-साइन म्हणायचंय. म्हणजे, फक्त पुन्हा सही करा.”