चांदण्यांचं कापड

व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि तिघांनी तीन दिशांना तोंडं फिरवली. आईने ओढणी नाकात कोंबली. बाबा खोकले. पोरगी तर दोन पावलं मागे सरून मोठ्याने म्हणाली की उकिरडा परवडला.

चौथा माणूस जागचा हलला नाही. तो म्हातारा बाइंडर. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, आणि पाच महिन्यांपूर्वी ही जुनाट व्हॅन यांना विकली. आत झोपायला बाक, दोन बर्नरची शेगडी, तळहाताएवढी मोरी. बाबांनी ती अंगणात उभी करून स्वतःच्या हाताने नवी करायला घेतली होती. गेल्या महिन्यापासून मात्र तिला असा काही वास मारत होता की शेजाऱ्यांनी त्या बाजूच्या खिडक्या उघडणं सोडलं. शेवटी काल बाबांनी फोन करून म्हाताऱ्याला नाही नाही ते सुनावलं. आज तो खिशात स्क्रूड्रायव्हर घालून हजर. वास कुठून येतो ते शोधतो म्हणाला. बाबांनी दारातच अट घातली: घाण तुमची निघाली तर गाडी आजच्या आज परत न्यायची.

म्हातारा गुडघ्यांवर आत शिरला. पोरगी पायरीवर उभी राहिली. दहावीतली पोर, गेल्या वर्षापर्यंत पाहुणे आले की आतल्या खोलीत दडायची, आणि आता तिच्या तोंडाला कुलूप लावायला घरात कोणी नव्हतं. तिने म्हाताऱ्याला एकेक जागा दाखवली. इथे सतरंजी होती, तिच्यात केस सापडले, पुंजकेच्या पुंजके. इथे पडदे, तेलकट. आणि इथे ती गादी. तिच्यावरचे डाग कसले होते ते विचारायचीसुद्धा शिसारी यावी.

“त्या गादीवर माझी बायको सहा महिने पडून होती,” म्हातारा म्हणाला. रागाने नाही, पत्ता सांगावा तसं.

पोरगीने नाक आणखी घट्ट दाबलं.

म्हातारा शेगडीमागे, बाकाखाली, मोरीच्या नळीत नाक घालून हुंगत होता. थोड्या वेळाने तो टेकून बसला. माझं होतं ते सगळं तुम्ही बाहेर टाकलंत, म्हणाला. आत काहीच राहिलं नाही.

“पत्रा राहिलाय ना,” बाबा बाहेरून म्हणाले.

तेव्हा म्हाताऱ्याने वर पाहिलं. छताला चांदण्यांचं कापड होतं, निळं, गेल्याच महिन्यात लावलेलं. सगळ्या गाडीत तेवढीच एक गोष्ट स्वच्छ, म्हणून कोणी तिच्याकडे संशयाने बघितलंच नव्हतं. पोरगी म्हणाली, त्याला हात लावू नका, ते आमचं आहे. तोवर त्याने कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून कापड ओढलं होतं.

कापड चिकटलेलं नव्हतंच. ते नुसतं कडेला धरून लोंबत होतं. फर्र करून सुटलं आणि आतून काळा-हिरवा बुळबुळीत लगदा खाली आला, आणि लगद्यात भाताच्या शितांएवढ्या अळ्या. शेकडो. एकमेकींवरून चढत, वळवळत. मूठभर म्हाताऱ्याच्या टकलावर पडल्या, काही कॉलरमधून आत गेल्या. आई तोंड दाबून नळाकडे पळाली.

“बघा,” बाबा म्हणाले, “छत गळतंय तुमचं. आम्ही चांगला डब्यातला गोंद लावलाय.”

म्हाताऱ्याने चिमूटभर लगदा दोन बोटांत चोळला. बोटं लांब केली. मध्ये चिकट तार आली. ती त्याने हुंगली.

पोरगी त्या बोटांकडे बघत राहिली. गेल्या महिन्यात कापड लावताना डब्यातला गोंद अर्ध्या छतालाच पुरला होता. बाबा कामावर गेलेले. शाळेत पुठ्ठे चिकटवायला शिकवली होती तशी तिने पातेलंभर कणकेची खळ शिजवली आणि संध्याकाळच्या आत उरलेलं छत लावून मोकळी झाली. बाबांनी पाठ थोपटली. गोंद संपल्याचं सांगायचं राहून गेलं.

म्हाताऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं. चाळीस वर्षं ज्याचे हात खळीत होते, त्याला काय कळायचं राहणार.

“असेल,” तो बाबांना म्हणाला. “पत्रा जुनाच आहे. एक बादली द्या. साफ करतो आणि संध्याकाळी गाडी घेऊन जातो.”

सुटलो, असं म्हणत बाबा बादली भरायला गेले. म्हातारा नुसत्या हातांनी छत खरवडू लागला. नळापाशी आई चूळ भरत होती. माणसं इतकी घाणेरडी कशी राहतात कोण जाणे, असं ती बाबांना म्हणाली. हेच वाक्य पोरगीने महिनाभर जेवताना, झोपताना, फोनवर मैत्रिणींना ऐकवलं होतं. आता आईच्या तोंडून ऐकलं आणि आंबट पाणी थेट घशाशी आलं. अळ्या बघूनही आलं नव्हतं.

ती पायरी चढून आत गेली.

“आजोबा, ती खळ आहे,” ती म्हणाली. मग मान बाहेर काढून तेच पुन्हा, नळापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. “बाबा, छत गळत नाहीये. कणकेची खळ आहे ती. मी लावली.”

बादली भरून वाहायला लागली. नळ कोणी बंद केला नाही.

“मोरचूद घातला नाहीस,” म्हातारा म्हणाला.

“म्हणजे काय?”

“निळं विष असतं. खळीत चिमूटभर घालायचं. मग किडे लागत नाहीत.”

तो थोडा सरकला, तिला उभं राहण्यापुरती जागा झाली. त्याच्या दोन्ही हातांत वळवळता लगदा होता आणि ठेवायला काही नव्हतं. तिने ओंजळ पुढे केली.

लगदा कोमट होता.