यंदाची शस्त्रपूजा

दसऱ्याला बाबांची बंदूक मीच पाटावर मांडली, तसा काकांचा आवाज चढला. "बायकांनी बंदुकीला हात लावायचा नसतो. एवढंही बापाने शिकवलं नाही का तुला?"

शिकवलं होतं. आमच्याकडे बायका बंदुकीला लांबूनच ओवाळायच्या. डुकरं भात तुडवत असली तरी पुरुष घरी येईपर्यंत नुसते डबे बडवायच्या. पण बाबा गेले, भावाने लेखी संमती दिली आणि परवाच बंदुकीचं लायसन माझ्या नावावर झालं.

काका बंदूक उचलायला वाकले.

"हात लावू नका, काका. लायसन माझं आहे. तुम्ही उचललीत तर गुन्हा होईल."

त्यांचा हात हवेतच राहिला. मी त्या हातात निरांजनाचं ताट दिलं.

"ओवाळा आता. लांबूनच."