पहिल्या आंघोळीचं उटणं

दुष्काळाचं साल म्हणून पतसंस्थेचे चेअरमन सर्जेराव यांनी सभासदांची दिवाळी भेट स्वस्तात उरकायची ठरवली आणि गावातल्याच महिला बचत गटाकडून उटण्याची चारशे पाकिटं घेतली. वीस रुपयांचं पाकीट त्यांनी घासाघीस करून बारावर आणलं. वर प्रत्येक पाकिटावर स्वतःचा हसरा फोटो छापायला लावला, आणि छपाईचा खर्च गटाच्याच माथी मारला.

वाटपाच्या कार्यक्रमात ते महिला सक्षमीकरणावर पाऊण तास बोलले. समोर बसलेल्या बाया रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. पाण्याचा टँकर नऊ दिवस गावात फिरकला नव्हता, आणि भाषणाच्या नादात तो आलाच तर नंबर जायला नको होता.

शेवटी सर्जेराव हात जोडून म्हणाले, "माय-बहिणींनो, पहिल्या आंघोळीला हे उटणं लावताना आमची आठवण काढा."

गटाच्या अध्यक्ष छबुबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या,



"काढू की, साहेब. पर आंघोळ कवा करायची ते तुमीच सांगा. टँकरचा ठेका तुमचाच हाय ना."