खाडीचं म्हावरं

२००१ साली मनाली एमएस्सीच्या प्रकल्पासाठी माशांतला पारा मोजत होती. मासे तिच्या वडिलांनीच, जयरामनी, वसईच्या आपल्या गावाजवळ खाडीत पागाचं जाळं टाकून धरून दिलेले. पारा मर्यादेच्या तिप्पट निघाला. तिने तीनदा पुन्हा मोजून पाहिलं आणि रिपोर्ट घेऊन घरी गेली. तिची आई, बायजा, बाजारात विकायच्या मासळीची पाटी भरत होती.

"म्हंजे ह्ये खाऊन मानूस आजारी पडतो?" जयरामनी विचारलं.

"हो बाबा. हळूहळू. हातपाय थरथरायला लागतात. लहान मुलांना तर फारच वाईट."

 जयरामनी बायजासमोरची पाटी बाजूला ओढली.

"आजपासून खाडीचं म्हावरं इकायचं नाय. लोकांची पोरं खातात."

मनालीचा ऊर भरून आला. होस्टेलवर परतल्यावर तिने मैत्रिणींनाही बापाबद्दल अभिमानाने सांगितलं.

दोन महिन्यांनी ती घरी आली, तेव्हा चुलीवर खाडीतल्या बोय माशांचं कालवण शिजत होतं.

"बाबा, तू तर बंद केलं होतंस ना?"



"इकायचं बंद केलंय, पोरी. इकत नाय तर पैका नाय, दुसरं काय आननार? आता दोन्ही वेला ह्येच खातो."