उजवीकडची खालची दाढ

"आणखी थोडं उघडा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी छोटा आरसा उजवीकडच्या खालच्या दाढेपाशी नेला. फिलिंग होतं. जुन्या कार्डावर लिहिलेल्या जागीच होतं. तरीही त्यांचा हात थबकला.

खुर्चीतला तरुण दोन महिन्यांपूर्वी घरी परतला होता. एकोणिसाव्या वर्षी तो मालवाहू बोटीवर नोकरीला लागला आणि पहिल्याच फेरीत ती बोट बुडाली. काहीजण सापडले, हा नाही. आता आठ वर्षांनी दाढी वाढलेला, हडकलेला असा दारात उभा राहिला. आई म्हणाली, हाच. शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. वडील तेवढे अडून बसले. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. नजर जवळजवळ गेली होती, पण मोजल्याशिवाय मानायचं नाही ही सवय शाबूत होती. बोटीवर जायच्या आदल्या महिन्यात मुलाला इथे आणून त्यांनीच ही दाढ भरून घेतली होती. डॉक्टरबाई हो म्हणाल्या तर मीही म्हणेन, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

घोटाळा असा होता, की फिलिंग फारच चांगलं होतं.

दाताच्या रंगाचं हे रेझिन डॉक्टरबाईंनी हजारो दातांत भरलं होतं. आठ वर्षं चावून चावून त्याची चकाकी जाते, मधे खळगा पडतो, कडेला चहाची तपकिरी रेघ धरते. इथे यातलं काहीच नव्हतं. काल भरल्यासारखं दिसत होतं.

त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं. पहिलं फिलिंग तुटलं, मग एका बंदरावर नवीन करून घेतलं, असं तो म्हणाला. बंदराचं नाव त्याला आठवेना. हे अशक्य नव्हतं. त्यांची स्वतःची कितीतरी फिलिंग्ज एवढ्या काळात निकामी होऊन परत आली होती. त्यांना हायसं वाटलं. खात्रीसाठी म्हणून त्यांनी एक्स-रे काढला आणि त्या आणखीच बुचकळ्यात पडल्या.

कार्डावर त्यांच्याच अक्षरात होतं : कीड खोल, नसेच्या अगदी जवळ, खाली औषधाचा थर. एक्स-रेमध्ये खड्डा उथळ होता. त्याखाली दाढ भक्कम, कधी कोणी हात न लावल्यासारखी. जुनं फिलिंग काढून नवीन भरताना खड्डा मोठा होतो, लहान नाही. दात काही जखमेसारखा भरून येत नाही. आपण डावं-उजवं तर करत नाही ना, म्हणून त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. दुसऱ्या कोणाचं कार्ड हातात आलं का, तेही पाहिलं. चूक सापडली नाही. म्हणजे कोणीतरी एक निरोगी दाढ कोरून ती कागदाबरहुकूम भरली होती.

तरुण छताकडे बघत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

बाहेर बाकावर त्याचे वडील, काका, काठी टेकून ताठ बसले होते, शेजारी आई, काकू. डॉक्टरबाईंनी काकूंना एकट्यांनाच एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. कसं सांगावं ते त्यांना सुचत नव्हतं. या बाईचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार होता, तोही आपल्या तोंडून. दार लावून त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, सोप्या शब्दांत सगळं समजावलं, आणि शेवटी म्हणाल्या, "काकू, हा तुमचा मुलगा नाही."

काकूंनी एक्स-रे बराच वेळ न्याहाळला. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांना कळलंच नसावं असं वाटून डॉक्टरबाई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.

"हे फिलिंग किती वर्षं टिकेल?" काकूंनी मधेच विचारलं.

डॉक्टरबाई गोंधळल्या. "नीट काळजी घेतली तर आठ-दहा वर्षं. पण काकू, मी काय सांगतेय ते..."

"पुष्कळ झाली. हृदयाच्या डॉक्टरांनी यांना दोनच सांगितलीत." काकूंनी एक्स-रे त्यांच्या हातात परत दिला. "तेवढं बाहेर येऊन यांना हो म्हणा. चांगली दाढ कोरून घ्यायला तो पोरगा तयारच होत नव्हता. कुठली दाढ भरली ते लिहून तुम्ही तेव्हा दिलेला कागद पुढ्यात ठेवून मी महिनाभर गळ घातली, तेव्हा कुठे कबूल झाला."