उखाण्यातली रिकामी जागा

माप ओलांडण्याआधी उखाणा घ्यायचा म्हणून शाल्मलीने कानामागची सुभाषक चकती दाबली. उखाणा असो की सांत्वन, माणूस आणि प्रसंग पाहून चकती तयार साच्यात शब्द भरायची आणि वाक्य जिभेवर आणून ठेवायची. स्वतःचं स्वतः बोलायची सवय आता कुणाला राहिली नव्हती.

आज मात्र शब्द भरणारं यंत्र कुठेतरी बंद पडलं होतं, आणि साचा होता तसाच बाहेर आला.

"चांदीच्या ताटात केशरी पेढे, नवऱ्याचं नाव इथे भरा आहेत थोडे वेडे," शाल्मली म्हणाली. बायका हसल्या. तिने ओठ मिटायच्या आत पुढचंही आलं, "सासूबाई ऐकत असतील तर: आईची माया. नसतील तर: खाष्ट बाई."

हशा थांबला. आता उंबऱ्यावरूनच माहेरची वाट धरावी लागणार, असं तिला वाटलं.

सासूबाईंनी, कुमुदताईंनी, सुनेला चोख उत्तर द्यायला आपली चकती दाबली. "सून देखणी असेल तर: घरात लक्ष्मी आली. नसेल तर: स्वभाव चांगला दिसतो."

दोघींनी नवरदेवाकडे, निनादकडे पाहिलं.

"आई समोर असेल तर: आईचं बरोबर," तो घाम पुसत म्हणाला. "बायको समोर असेल तर: बायकोचं बरोबर. दोघी असतील तर: फोन आल्याचं सांगून बाहेर जा."

आणि फोन कानाला लावून तो खरोखरच जिना उतरून गेला.

कुमुदताईंनी आपली चकती काढून औक्षणाच्या तबकात टाकली.

"आत ये गं," त्या म्हणाल्या. "ह्याच्या वडिलांनाही असेच फोन यायचे."